गोळी मीच बंद केली होती

कोलेस्टेरॉलची गोळी मी स्वतः बंद केली आणि दोष दिला एका म्हाताऱ्याला. सावली गावच्या आठवडी बाजारात तो हृदयासाठी म्हणून अर्जुनाच्या झाडाची साल विकायचा. तुकडा मोडायचा, नाकाशी धरायचा आणि मगच गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायचा. जन्मभर गोळी गिळायची, या विचाराचाच मला संताप यायचा. म्हणून मी सहा महिने त्याच्या सालीचा काढा प्यायलो.

पुढे छातीत दुखलं. तपासणीत कोलेस्टेरॉल आणखी वाढलेलं निघालं. मी तडक बाजारात जाऊन भर गर्दीत ओरडलो, "चोट्ट्या बुढ्या, लोकायले मारून राह्यला तू!" गिऱ्हाइकं साल तिथंच टाकून उठली.

तो उभा राहिला. "साल देल्ली म्या. गोळी बंद करा, असं कधी म्हटलं? मले इचारलं तरी होतं का, भाऊ?" मग पिशवीतून पाकीट काढून त्यानं माझ्यासमोर आपटलं. "हे पाहा, माही बीपीची गोळी. रोज घेतो मी."

मी तिथून निघून आलो. तीन बाजार तिकडे फिरकलो नाही. स्वतःचाच राग येत राहिला. गोळी पुन्हा सुरू केली. चौथ्या बाजारी ऐन गर्दीत गेलो आणि तेवढ्याच मोठ्या आवाजात म्हणालो, "बाबाजी, गोळी म्याच बंद केली होती. तुमची काही चूक नाई. मले माफ करा."