नकाशाच्या कोपऱ्यातलं नाव

दामलेकाकूंची सायकल आज सहावा दिवस जिन्याखाली कुलूप लावून उभी आहे. जाता-येता मी सीटवर बोट फिरवून पाहते, तर धूळ वाढलेलीच असते. त्या आजारी आहेत, कुठे पडल्या आहेत की नुसत्याच घरात बसून आहेत, एवढं विचारायला मला एक मजला उतरायचा आहे. दोनदा उतरले आणि बेल न वाजवता परत आले. संध्याकाळी त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात, तेवढ्यावर दिवस ढकलते.

काकूंचं वय एकाहत्तर. सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर त्या एकट्या राहतात आणि आम्ही बरोबर त्यांच्या डोक्यावर. पाटबंधारे खात्यात त्या ट्रेसर होत्या. इंजिनियरांनी पेन्सिलीने काढलेले नकाशे पारदर्शक कागदावर शाईने गिरवायचे, हे त्यांचं काम. चौतीस वर्षं कालवे गिरवले आणि त्यातला एकही डोळ्यांनी पाहिला नाही. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. तिच्यात साहेबांची नावं वर आणि गिरवणारीचं तळाशी, तेही नुसत्या आद्याक्षरांत. "ऑफिसात माझं पूर्ण नाव फक्त हजेरीपटावर होतं," असं त्या सांगायच्या. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून.

ऑफिसला त्या सायकलने जायच्या. निवृत्तीनंतर भाजी, वाचनालय, दवाखाना, सगळं सायकलवरच. एकदा फुटपाथवर स्कूटर चढवून कुणी मागून हॉर्न वाजवत होता, तर काकू भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "या, आपण पुढे व्हा. फुटपाथ आपलाच आहे, मी पाहुणी."

आमच्या गल्लीच्या टोकाला एक कोपरा आहे. पलीकडे दोन-तीन क्लास, त्यामुळे संध्याकाळी तिथे दुचाकी नुसत्या सुटलेल्या असतात. गेल्या वर्षी तिथे माझ्या स्वरालीला स्कूटरचा धक्का लागला. ती दहा वर्षांची आहे. पुढचा दात अर्धा गेला. तिला उचलून घरी आणलं ते काकूंनी. तेव्हापासून मी तिला तो कोपरा एकटीला ओलांडू दिलेला नाही.

दिवाळीनंतर महापालिकेची सूचना लागली. गल्लीतला फुटपाथ रुंद करणार, सायकलींसाठी पट्टा आखणार, वाहनांचा वेग कमी व्हावा म्हणून मध्ये दोन ठिकाणी रस्त्याहून वीतभर उंच क्रॉसिंग बांधणार. नागरिकांनी पंधरा दिवसांत हरकती आणि सूचना द्याव्यात. योजनेत सगळं होतं, तो कोपरा मात्र नव्हता.

"अर्ज लिहिला तर फायलीत जाईल," काकू म्हणाल्या. "नकाशा दिला तर निदान उलगडून बघावा लागेल."

दोन रविवार सकाळी सहाला आम्ही गल्ली मोजली. फितीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं त्यांच्या.

"ताण, कादंबरी. ढिली फीत खोटं बोलते."

विजेचे खांब, कडुलिंबाचं झाड, झाकण नसलेलं चेंबर, सगळं त्यांनी कागदावर जागच्या जागी बसवलं. कोपऱ्यावरच्या क्रॉसिंगचे पट्टे लाल शाईने आखले. मग खालच्या चौकटीत सावकाश लिहिलं: मोजणी, सरोजिनी दामले, कादंबरी आगाशे. दोन्ही नावं पूर्ण, एकाच उंचीची.

"काकू, मी नुसती फीत धरली."

"दुसरं टोक धरणाऱ्याशिवाय मोजणी होते का? राहू दे नाव."

त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी पुष्कर साठे रजिस्टर घेऊन आले. टाकी धुणार असले, लिफ्ट बंद राहणार असली की ते रजिस्टर घरोघर फिरतं आणि आम्ही दारातच सही करतो. या वेळी त्यात एक पत्र खोचलेलं होतं.

"वहिनी, एक सही टाकीची, एक या पत्रावर. फुटपाथला विरोध आहे. गाड्या लावायच्या कुठे, त्यांच्या नकाशावर?"

मी न वाचता सही केली, असं मी घरी सांगितलं. ते खरं नाही. मी वाचलं होतं. फुटपाथ रुंद झाला की आमच्या दारातल्या दुचाकी मागच्या गल्लीत जाणार. स्वरालीची शाळा लांब, सकाळची, मी तिला स्कूटरने सोडते. हिवाळ्यात अंधारात मागच्या गल्लीपर्यंत जायचं, तिथे भटकी कुत्री, हे सगळं दोन मिनिटांत डोळ्यांपुढून गेलं आणि मी सही केली. पोरीच्या काळजीने मी फीत धरली होती, तिच्याच काळजीने ही सही. काकूंना सांगायला हवं होतं, ते रोज उद्यावर ढकललं.

सुनावणी क्षेत्रीय कार्यालयात होती. मी उशिरा पोचले आणि मागच्या रांगेत साठ्यांच्या शेजारी बसले. पुढे काकू उभ्या होत्या आणि सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी त्यांचा नकाशा टेबलावर पसरला होता. त्यांनी तो खरंच नीट पाहिला. मग चौकटीवर बोट ठेवून शेजारचं पत्र ओढलं.

"दामले बाई, मोजणीत या आगाशे बाईंचं नाव आहे. सोसायटीच्या विरोधाच्या पत्रावरही त्यांचीच सही आहे. मोजणाऱ्यांचाच विरोध असेल तर या मोजमापावर मी भरवसा कसा ठेवू?"

खोलीत हसू पसरलं. "आल्यात का आगाशे बाई?" साहेबांनी विचारलं.

साठ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले. काकूंनी वळून पाहिलं. मी त्यांना दिसले, याची मला खात्री आहे. त्या पुन्हा टेबलाकडे वळल्या.

"त्यांना घरचं पुष्कळ काम असतं," त्या म्हणाल्या. "नाव मात्र दोन्हीकडे पूर्ण आहे."

साहेबांनी नकाशा गुंडाळून परत दिला. ज्यांची नावं दोन्हीकडे आहेत त्यांनी येत्या गुरुवारपर्यंत लेखी खुलासा द्यावा, नाहीतर कोपऱ्याची सूचना विचारात घेता येणार नाही, असं सांगून पुढचं नाव पुकारलं. काकू गुंडाळी काखेत धरून माझ्या रांगेवरून गेल्या. थांबल्या नाहीत. तिथून त्या सायकलने घरी आल्या असणार, कारण संध्याकाळी सायकल जिन्याखाली होती. ती तेव्हापासून तिथेच आहे.

गुरुवार उद्याच आहे. खुलासा मी आज लिहून काढला, चार ओळींचा. सोसायटीच्या पत्रावरची सही मी मागे घेते, मोजणी बरोबर आहे, मी स्वतः फीत धरली होती. स्कूटर मागच्या गल्लीत लावायला लागली तर लावीन. पण साहेबांनी नकाशा परत दिलाय, आणि तो जोडल्याशिवाय या चार ओळींना अर्थ नाही. तो काकूंच्या घरी आहे.

सकाळी सव्वासहाला त्या दुधाची पिशवी आत घेतात. उद्या तेव्हाच फोन करणार आहे. दारात उभी राहिले तर पुन्हा मागे फिरेन, हे मला माहीत आहे. त्यांच्या लँडलाइनची घंटा आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येते, त्यामुळे घरात असून उचलला नाही तर मला टाळतायत, हेही कळेल. उचलला तर आधी तब्येत विचारीन. मग म्हणेन, काकू, नकाशा घेऊन माझ्याबरोबर कार्यालयात चला, आणि चौकटीतलं माझं नाव ठेवायचं की खोडायचं, ते तुम्ही ठरवा.