जपानी विरहिणी

मुलांनो, तुमची आई बरखेड्याच्या कारखान्याच्या वसाहतीत गणेशोत्सवात जपानी गाणं म्हणाली हे तुम्ही ऐकलं असेल. त्यात खोटं कोण बोललं, हे ती सांगणार नाही. मी बोलले. क्रमाने लिहिते.

तुमचे आजोबा कारखान्यातर्फे तीन आठवडे जपानला प्रशिक्षणाला गेले होते. येताना लेकीसाठी एक सीडी आणली. "दुकानात सांगितलं, मुलींना आवडेल असं द्या," म्हणाले. त्यात एक तरुण बाई एकटीच पियानो वाजवत गात होती. नुकतंच घर जळालंय आणि शेजाऱ्यांनी बादलीही दिली नाही, असा सूर. दोन गाण्यांनंतर मला चहा करून घ्यावा लागला.

तुमची आई तेव्हा बारावीत होती. दोन वर्षांपूर्वी एका स्पर्धेत तिचा आवाज फाटला, मुलं हसली, आणि तिने गाणंच सोडलं होतं. मी खूप समजावलं, काही उपयोग झाला नाही. आणि आता बंद दारामागून तिचा गळा ऐकू येऊ लागला. ऐकून ऐकून तिने शब्द देवनागरीत उतरवले होते.

"गणपतीत म्हणशील?" मी विचारलं.

"म्हणेन. पण हेच."

आमच्या मराठी मंडळाचा नियम होता की मंचावर फक्त देवाची गाणी. मंडळाची चिटणीस मीच. कार्यक्रमपत्रिकेत मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'जपानी प्रार्थना'. पियानो आख्ख्या वसाहतीत नव्हता, पेटी होती. पेटीवर एक हात भात्यात अडकतो आणि त्या बाईचे दोन्ही हात चालायचे, म्हणून पेटी तुमच्या आईने वाजवायची आणि भाता मी मारायचा असं ठरलं.

मी मंचावर बसले आणि पाहते तो तुमचे आजोबा एका जपानी इंजिनिअरला पहिल्या रांगेत बसवत होते. कारखान्याचे पाहुणे. मी खाली वाकून म्हटलं, "अहो, आजच आणायचं होतं?"

"मोदक काय दिवाळीत देऊ त्यांना?"

तुमच्या आईने डोळे मिटले. पहिल्या कडव्यात आवाज थरथरला, दुसऱ्यात स्थिरावला, तिसऱ्यात तर मी भाता मारायला विसरत होते. पाहुण्यांनी अर्धा मोदक ताटलीत ठेवून दिला.

टाळ्या थांबल्यावर मंडळाचे अध्यक्ष उठले, मूळचे नागपूरचे. "वहिनी, पाहुण्यांना विचारा न, हे कोणत्या देवाचं आहे?"

मी इंग्रजीत विचारलं. पाहुणे तुटक इंग्रजीत म्हणाले, यात देव नाही. ती सगळ्यांवर चिडली आहे. तिला घरी जायचंय, पण घर नाही.

मी सभेकडे वळले. "ते म्हणतात, देव कुठेच दिसत नाही म्हणून ती जगावर रुसली आहे. तिला त्याच्या घरी जायचंय."

सभेत इंग्रजी समजणारे निदान वीस इंजिनिअर होते. सगळ्यांना एकदम आपापल्या ताटल्यांत काहीतरी सापडलं. तुमचे आजोबा रुमालात खोकले.

"म्हणजे विरहिणीच की," अध्यक्ष म्हणाले. मागे एक आजी डोळे पुसत होत्या. "बेटा, अजून एखादी येते का?"

मला वाटलं, आता ही नाही म्हणून उठेल.

"चार येतात, काका," ती म्हणाली, आणि सूर लावायलाही लागली.

"होऊन जाऊ द्या चारही. वहिनी, कोणकोणत्या देवांच्या आहेत तेवढं पत्रिकेत लिहून घ्या."

त्या चारही मी दाराबाहेरून ऐकल्या होत्या. एकाहून एक काळोख्या. पण दोन वर्षांनी गायला लागलेल्या मुलीला थांबवायचं कसं? मी पेन्सिल काढली आणि पहिली शंकराच्या नावावर घातली. तो मुळात रागीट, त्याला चालून जाईल.