पहूरची ज्वारी आणि सुकलालनाना

धुळ्याजवळच्या चारा संशोधनाच्या शेतावर मी रुजू झालो, त्या दिवशी सुकलालनाना गोठ्यात होते. नव्या गवतांच्या तीन पेंढ्या बैलापुढे टाकून तो आधी कोणती ओढतो, हे ते पाहत होते. मी नमस्कार केला. ते म्हणाले, "बसा. वजनं मागाहून करू, आधी याला काय आवडतं ते कळू दे." मग त्यांनी एका पेंढीकडे बोट दाखवले आणि बैलाने तीच ओढली. कॉलेजात पहिला आलेल्या मला त्या क्षणी जे टोचले, ते अजून निघालेले नाही. नानांच्या साठीच्या गौरवग्रंथात हेव्याविषयी लिहू नये, हे मला समजते. पण नानांविषयी खरे लिहायचे तर मला दुसरा रस्ता नाही.

नानांचे काम माळावरच्या गवतांचे, माझे चाऱ्याच्या ज्वारीचे. अनेक हंगाम खपून मी एक वाण निवडला आणि जामनेरजवळच्या पहूर गावातल्या शेतकऱ्यांना बियाणे दिले. त्या वर्षी पावसाने मध्येच ओढ दिली. गुडघाभर ज्वारी सुकू लागली आणि गावात सगळे अक्का म्हणत त्या शेतकरीणबाईंची म्हैस दावे तोडून तीत शिरली. तहानलेल्या कोवळ्या ज्वारीत विष असते. किरळ लागून, म्हणजे त्या विषाची बाधा होऊन, म्हैस मेली.

मी पोहोचलो तेव्हा लोक बांधावर जमले होते. "बठ्ठी उपटी फेका!" सगळी ज्वारी उपटा म्हणून एकजण ओरडला. मी विषाचे रसायन समजावू लागलो, कोणी ऐकेना. मागच्या गाडीने नाना आले. ते आधी अक्कांच्या ओट्यावर जाऊन बसले. त्यांचे सगळे ऐकून घेतले. मग बांधावर येऊन लोकांना म्हणाले, "ज्वारी वाईट नही शे, भाऊ. तिले पानी नही भेटनं. फुलोरावर येऊ द्या, मंग कापा."

लोक पांगले. माझी ज्वारी उभी राहिली.

पुढे पाऊस झाला, ज्वारी फुलोऱ्यावर आली; तोवर तिच्यातले विष ओसरते. तरी तिला हात लावायला कोणी धजेना. तेव्हा नानांनी स्वतः भारा कापला, अक्कांच्या उरलेल्या एकुलत्या म्हशीपुढे टाकला आणि संध्याकाळपर्यंत गोठ्यात बसून राहिले. त्या म्हशीला काही झाले असते, तर नानांना त्या गावात पुन्हा तोंड दाखवता आले नसते. वाण माझा होता. माझी मात्र तेवढी छाती नव्हती. म्हैस रवंथ करू लागली तेव्हा अक्का चहा घेऊन आल्या. माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "नाना, ह्या पोऱ्याले बी काही शिकाडा."

वाणाच्या अहवालात नानांनी माझे एकट्याचेच नाव घातले. त्यामुळे धड भांडायचीही सोय उरली नाही. आणि जामनेरच्या बाजारात शेतकरी आजही बियाणे मागतात ते "नानानी ज्वारी शे का?" असे, नानांची ज्वारी म्हणून विचारूनच. एकदा न राहवून मी ते नानांना ऐकवले. ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही गावात मुक्काम करत नाही. लोक नाव घेणार कुणाचं?"

त्यानंतर मी पहूरला मुक्कामाला जाऊ लागलो, तेही हेव्यापोटीच.

नाना आज साठ वर्षांचे होत आहेत. त्यांची दृष्टी शाबूत आहे, चालणे माझ्याहून झपाट्याचे आहे. दोन्ही तशीच राहोत. त्यांनी शंभरी गाठावी आणि मी त्यांच्या चार पावले मागे, धापा टाकत, कुरकुरत चालत असावे, एवढेच देवाजवळ मागतो.