गुणाजीची शर्यत आणि साहेबांचा झेंडा

गुणाजी घाडीची नोकरी गिरण्यांच्या संपात गेली, तेव्हा तो मरोळच्या एका कारखान्यात लागला. जोगेश्वरीहून रोज सायकलने जायचा. आपल्यासारख्यांनी वर्षातून एकदा तरी निव्वळ मजेसाठी सायकल पळवावी, असं त्याच्या मनात आलं आणि सत्त्याऐंशी साली त्याने शर्यत काढली. हँडलला भोंगा बांधून चाळीचाळीतून ओरडत फिरला. घसा बसला बिचाऱ्याचा.

पण आमच्या मंडळाला पाहुण्याशिवाय काही पचतच नाही. त्यांनी गुणाजीला न विचारता नगरसेवकाला बोलावलं, स्टेज ठोकलं. ऊन चढलं तरी साहेबांचा पत्ता नाही. शेवटी गुणाजीने शिट्टी मारली. सगळे मरोळ नाक्याला वळसा घालून घामाघूम परत आले, आणि तेव्हा साहेबांची गाडी आली.

मंडळाचा अध्यक्ष नंदकिशोर म्हणजे लाज कोळून प्यालेला माणूस. म्हणाला, "पुन्हा रांगेत उभे राहा रे! साहेबांना झेंडा दाखवायचाय."

आणि राहिले की सगळे उभे! झेंडा हलला, फोटो निघाला, पेडल कुणीच मारलं नाही. मग शाली, नारळ, भाषणं. पहिला आलेला दूधवाला कंटाळून तबेल्यात निघून गेला, तर त्याचा नारळ साहेबांच्या ड्रायव्हरला दिला. किळस आली मला.

गुणाजी हँडलला बांधलेला भोंगा सोडत होता. नंदकिशोरने त्याच्या पाठीवर थाप मारली. "झकास झाला कार्यक्रम! पुढच्या वर्षी फक्त सायकली नको आणूस यार, स्टेजपुढे नुसती अडचण होते."