काटेदादा आणि अश्रद्धाची व्याख्या

दुकान म्हणजे जेमतेम एक खोली. भिंतीवर पितळी पारडी टांगलेली आणि मधोमध, चष्मा कपाळावर चढवून, काटेदादा! चाळीस वर्षं त्यांनी वजनकाटे दुरुस्त केले. किराणावाला येवो की सोनार, दादांचा पहिला प्रश्न ठरलेला, "नेमकं काय मोजता?" मोघम बोलणं ऐकलं की त्यांचं डोकं उठायचं. बायको म्हणायची, "चिमूटभर मीठ म्हटलं तर कुणाची चिमूट ते विचारतील हे!"

त्या वर्षी त्यांच्या बहिणीचा नवरा गेला. लाखातला माणूस, पण प्रार्थनेला कधी फिरकला नाही. महिनाभराने त्याचाच धाकटा भाऊ, नावाजलेला प्रवचनकार, भर सभेत गरजला, "अश्रद्धाला देवाच्या दारी क्षमा नाही!" नाव घेतलं नाही, पण पुढच्या रांगेतल्या वहिनीच्या काळजात ते घुसलंच. तिचं अन्न तुटलं. दोन घास कसेबसे गिळायची आणि ताट सारायची.

"दादा, ते तिथे शिक्षा भोगत असतील आणि मी इथे जेवू?"

दादांनी समजावलं, रागे भरले, उपयोग शून्य. मग पुढच्या सभेत, शंका विचारायची वेळ येताच, ते उभे राहिले.

"पाहुणे, अश्रद्ध म्हणजे नेमका कोण?"

"जो प्रार्थनेला येत नाही तो."

"पाय मोडला तेव्हा तीन महिने तुम्हीही आला नव्हतात."

सभेत खसखस पिकली.

"अहो, जो मनाने येत नाही तो!"

"आणि मन कोण बघतं?"

"देव. दुसरं कोण?"

"मग निकाल त्याचा, तो तुम्ही कसा वाचून दाखवलात?"

"काटेदादा, इथे धर्म चाललाय, किराणा नव्हे!"

आता हशा दादांवर उलटला. कान लाल झाले, पण ते बसले नाहीत.

"खरंय. पण मी प्रत्येक काट्यावर पट्टी ठोकतो, इथपासून इथपर्यंतच मोजा म्हणून. गोण्यांच्या काट्यावर अंगठी ठेवली तर तो हलत नाही. म्हणून अंगठीला वजनच नाही, असं मी म्हणू? माझी बहीण धड जेवत नाही हो. तुमचा काटा कुठपर्यंत मोजतो, तेवढं सांगा."

प्रवचनकाराने पोथी उघडली, मिटली. "आज इथेच थांबू," एवढंच म्हणाला.

दादांना वाटलं, झालं! भांडण विकत घेतलं आणि बहीण होती तिथेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते तिच्याकडे बसले असताना जिना वाजला. दारात प्रवचनकार.

"वहिनी, भाऊचं पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही. ठाऊक असल्यासारखं बोललो. चुकलो."

तिने पाट पुढे सरकवला. "मग ठाऊक आहे ते सांगा, भाऊजी."

तो टेकला. "लहानपणी मी तापाने फणफणलो होतो. भाऊने पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. मी रडत होतो, देव मला नेणार म्हणून. तर म्हणतो कसा, 'नेऊ दे की! आधी माझ्याशी गाठ आहे म्हणावं!'"

बहिणीला खुदकन हसू आलं, मग रडू. "अगदी असेच बोलायचे!" डोळे पुसत ती उठली. "दोघं जेवलात का?"

"नाही," दोघं एकदमच म्हणाले.

तिने तीन ताटं मांडली आणि कुणाची वाट न बघता पहिला घास स्वतः घेतला.