नकाशावरचा न वाळणारा डाग

आधीच सांगून टाकते... भूत, भानामती, अंगात येणं, यातलं काहीही मी मानत नाही. आमच्या गल्लीत कुणाच्या अंगात आलं की सगळ्या बाया धावत जायच्या आणि मी दार लोटून ट्रेसिंग करत बसायची. तोंडाची फटकळ म्हणून सासरी माझी ख्याती आहे. तरी हे लिहिते आहे, कारण दहा वर्षं झाली तरी त्या एका गोष्टीपाशी आलं की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

आदिलाबादला आमचं दुकान. पुढच्या बाजूला सासऱ्यांचं कापडाचं आणि मागच्या खोलीत माझं — नकाशे मोठे करून द्यायचे, ट्रेसिंगवरून अमोनियाच्या वाफेवर प्रिंट काढायचे. मी आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेला, वर्गात मी एकटीच मुलगी होते. माझे मिस्टर, दिगंबर, जमिनीची मोजणी करणाऱ्या एका खाजगी पार्टीत सर्व्हेअर होते. त्यांच्याच साहेबांनी सत्त्याऐंशीच्या पावसाळ्यात मला काम दिलं. इंद्रवेल्लीच्या पुढे डोंगरात एका लहान तळ्यासाठी जागा बघायची होती. मूळ नकाशात एक किलोमीटर दोन सेंटीमीटरमध्ये बसतो, साहेबांना तो वीस सेंटीमीटरमध्ये हवा होता. म्हणजे दहापट मोठा! कागद मोठा केला म्हणून डोंगराबद्दल जास्त काही कळत नाही, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, लिहायला जागा तर होईल. शिवाय भर पावसात दगडावर पसरला तरी नकाशा टिकला पाहिजे. अशा तीन प्रती, पंधरा दिवसांत.

आमची पद्धत अशी होती. मूळ नकाशावर बारीक चौकोन पाडायचे, ट्रेसिंगच्या पारदर्शक कागदावर मोठे, आणि एकेक चौकोन उतरवत जायचं. प्रिंट निघाले की पट्ट्या जोडून मांजरपाटावर चिकटवायच्या. खळ मैद्याची, पण त्यात मोरचूद घालायचं, नाही तर झुरळं नकाशा खाऊन टाकतात. वरून सरसाचा एक हात आणि तो वाळला की वार्निशचे दोन. मग बोटाची मागची बाजू लावून बघायची. बोट चिकटलं नाही की काम झालं.

श्रावणातली दमट हवा, त्यामुळे वाळायला चार दिवस लागले. तिन्ही नकाशे खणखणीत वाळले... एक जागा सोडून. चार आण्याएवढा डाग. नाल्याचं वळण आहे, तिथून थोडं वर, टेकडीच्या मागच्या अंगाला. तिथे बोट लावलं की चिकटायचं.

एका प्रतीवर असता तर मी लक्षही दिलं नसतं. पण तिन्ही प्रतींवर तोच चौकोन, तीच जागा! एक नकाशा भिंतीवर वाळत होता, एक ओसरीत दोरीवर, एक खाटेवर. वार्निश एकाच डब्यातलं, पण मग बाकीचं सगळं कसं वाळलं? ट्रेसिंगला कुठे तेलाचा हात लागला असेल म्हणावं, तर ट्रेसिंगवरचं तेल प्रिंटवर उतरत नाही. टर्पेंटाइनने पुसून पुन्हा हात दिला. दुसऱ्या दिवशी आजूबाजूचं वाळलं, तो डाग तसाच. मूळ नकाशात त्या जागी काय आहे ते भिंग लावून पाहिलं. काहीच नाही, दाट दाट उंचीच्या रेषा.

तीन दिवस मी त्याच्यामागे लागले होते. जेवायला बसले तरी मध्येच उठून बोट लावून यायची. सासूबाई वैतागल्या. मिस्टर हसत होते. म्हणाले, "वार्निश आहे ते, वाळंल. एवढं काय घेऊन बसली त्याचं." निघायच्या दिवशी सकाळी दोन प्रती वाळायला घरीच ठेवून त्यांनी आपल्या प्रतीवरच्या डागावर चिमूटभर शंखजिरं भुरभुरलं, म्हणजे गुंडाळी चिकटायची नाही, आणि नकाशा काखेत मारून बस पकडायला गेले. मला त्याचाही राग आला. काम नीट करून द्यायचं सोडून वरून पावडर लावायची, हे मला पटत नाही.

पाचव्या दिवशी दुपारी उटनूर बसच्या कंडक्टरने साहेबांची चिठ्ठी आणून दिली. हिंदीत दोन ओळी होत्या. दिगंबर परवापासून सापडत नाहीत, घरच्या कुणीतरी यावं.

सासूबाईंनी देवापुढे दिवा लावला. सासरे दुकान बंद करायला लागले. मी रडले नाही. मी काय केलं असेल? मागच्या खोलीत जाऊन भिंतीवरच्या नकाशाला बोट लावलं. ओलाच होता. का लावलं ते मला आजही सांगता येणार नाही. तो नकाशा मी काढला, बांबूला गुंडाळला आणि स्टँडवर गेले. गुडीहत्नूरपर्यंत उभी, तिथून पुढे बसायला जागा मिळाली तरी मी उभीच राहिले. बसवत नव्हतं.

साहेबांचा मुक्काम होता त्या गावात पोचले तेव्हा पाऊस चालूच होता. साहेब पारावर छत्री धरून उभे होते. त्यांनी सांगितलं की परवा दुपारी सगळे नाल्याकाठी जेवले, मिस्टर म्हणाले मी येतोच, आणि गेले. तासाभरात पाऊस आला, नाला भरून वाहायला लागला. दोन दिवस माणसं नाल्याच्या खालच्या अंगाला शोधत होती. मी बघितलं तर ती लांब काठ्यांनी पाणी ढोसत होती. काय शोधत होती ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी पारावर नकाशा पसरला. पाण्याचे थेंब वरून घरंगळून जात होते, आणि त्या एका जागी माझं बोट चिकटलं. मी साहेबांना म्हटलं, "इथे बघा. ते मला सांगून गेले होते, ह्या कोपऱ्यात त्यांना काम आहे."

धडधडीत खोटं. मला त्यांनी काही एक सांगितलं नव्हतं. साहेब म्हणाले, तळ्याची जागा दुसऱ्या बाजूला आहे, ह्या कोपऱ्यात आपलं काहीच काम नाही, माणूस पाण्यात गेला असेल तर तिकडे वेळ कशाला घालवायचा. मग मात्र माझं डोकं फिरलं. पाण्यात आहेत तेवढी माणसं राहू द्या म्हटलं, मला दोन द्या, नाही तर मी एकटी जाते.

तिथे किसनमामा म्हणून एक शेतकरी उभे होते, टेकडीच्या पायथ्याचं शेवटचं वावर त्यांचं. ते म्हणाले, "चाल बाई, मी येतो. कपाशीत तसंबी पाणीच साचून राह्यलं."

वळणापासून डागापर्यंत पट्टी लावली तर सात सेंटीमीटर. म्हणजे साडेतीनशे मीटर. मामा पावलं मोजत पुढे, मी नकाशा घेऊन मागे. पाय घसरत होते, साडी काट्यांत अडकत होती, मी वाटेल तसं बडबडत होते — मिस्टरांना, पावसाला, मोरचुदाला, सगळ्यांना शिव्या. साडेतीनशे भरले आणि समोर घाणेरीचं नुसतं रान. काहीच नाही! मी पुन्हा नकाशा उलगडला. आणि मामांना झुडपात मोजायची फीत दिसली, स्टीलची, एक टोक फांदीला अडकलेलं. तिच्या मागे जाऊन मामांनी काठीने घाणेरी बाजूला केली, तर खाली दोन खडकांच्या मधे माणूसभर खोल कपार. मिस्टर आत होते. पाय मोडलेला, अंगात ताप, आवाज बसलेला. दोन दिवस खडकावरून झिरपणारं पाणी चाटून राहिले होते.

मी काय बोलले ते आठवत नाही. मामा सांगतात की मी मिस्टरांना रागावत होते.

दवाखान्यातून घरी आल्यावर घरातल्या प्रतीला बोट लावलं, तर डाग वाळला होता. माझ्यासोबत नेलेल्या प्रतीवर तो कधी वाळला ते मला माहीत नाही, त्या गडबडीत पाहायचं सुचलंच नाही. इतके दिवस झाल्यावर वाळणारच, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण डाग पडला तेव्हा मिस्टर घरात चहा पीत होते, धडधाकट. ते तिथे पडणार हे वार्निशला कसं कळलं, हे मला कुणीतरी सांगावं.

इथपर्यंत मी गेल्या महिन्यात लिहून ठेवलं होतं. शेवटी लिहिलं होतं की एका डागाने माझा संसार वाचवला, देवाची कृपा वगैरे. मासिकाला पाठवायच्या आधी मिस्टरांना वाचून दाखवलं. त्यांनी सर्व्हेचं काम तेव्हाच सोडलं, पाय थोडा आखूड झाला, आता दुकानात बसतात. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "लिहितेच आहे तर खरं लिही. तू साहेबाला सांगितलं ते काई खोटं नव्हतं. मी तिकडं मुद्दामच गेलो होतो."

काम तर नव्हतंच तिकडे. मी विचारलं, "मग तुमी गेले काऊन?"

"तू तीन दिवस जेवली नव्हती धड, त्या डागापायी. म्हटलं पाहून येतो, अन् घरी जाऊन तुला सांगतो... काई नाई तिथं."

दहा वर्षं त्यांनी हे मला सांगितलं नाही, कारण मला लागेल. लागलंच. डागाने मला त्यांच्यापर्यंत नेलं, असं मी दहा वर्षं सांगत फिरले. पण त्यांना तिथे नेलं ते कुणी? नकाशा माझा, डाग मी दाखवला, कटकट माझी. मी गप्प बसले असते तर ते त्या कपारीत पडलेच नसते. मग तो डाग सावध करायला आला होता की बोलवायला? मला माहीत नाही. त्यांना विचारलं तर म्हणतात, जिवंत आहो ना, कशाला उकरून राह्यली. दुपारी ते पुढच्या दुकानातून माझ्यासाठी चहा घेऊन मागच्या खोलीत येतात, एक पाय ओढत. महिना झाला, त्यांच्या पावलांचा आवाज आला की मी मान खाली घालून ट्रेसिंग करत राहते.