सहा दिवसांचा तक्ता

"मले ल्युब्ल्याना पाहायचं हाये," असं मी एका सकाळी नवऱ्याला म्हटलं, आणि तिथंच माझं चुकलं. सोयाबीन निघालं होतं, तूर अजून शेंगेत होती, म्हणजे माणसाला फुरसत होती. फुरसतीच्या माणसाला असलं काही सांगूच नये.

ल्युब्ल्याना म्हणजे स्लोव्हेनिया नावाच्या देशाची राजधानी. राजधानी म्हणायची, पण आपल्या अकोल्यापेक्षाही लहान. माझी पोरगी तीन वर्षांपासून तिथं नोकरी करते. मला ते गाव पाहण्यात काडीचाही रस नव्हता. पाचव्या महिन्यात तिचं पोटातलं गेलं होतं, आणि डोक्यावर तेल घालायला तिथं कुणी नव्हतं. जावई सकाळी जातो तो रात्री उगवतो. फोनवर ती म्हणाली, "आई, तू ये. सहाच दिवस ये. पण कोणाले सांगू नको, बाबालेही नाही. नाहीतर आत्याचा फोन येते, काय उचललं, काय खाल्लं विचारते, अन् तासभर रडते. मले नाही सहन होत आता." मी शब्द दिला. शब्द पाळायचा म्हणून खोटं बोलले.

जन्मात काही न मागणारी बायको युरोप मागते म्हटल्यावर नवरा असा हरखला की विचारू नका. माझं तिकीट त्यानं त्याच आठवड्यात काढलं. केनवडच्या बाजारात जो भेटेल त्याला थांबवून सांगितलं. पाठोपाठ रिसोडहून नणंद आणि नंदोई हजर. "वहिनी, आमीबी येतो. जोडीनं जाऊ. पोरगी हाये ना तिथं, हॉटेलची कटकट नाही!" नंदोई सोफ्यावर पाय वर घेऊन बसले आणि चहा बशीत ओतून फुरके मारत स्वित्झर्लंड किती लांब आहे ते मोबाइलवर पाहू लागले. त्या फुरक्यांनी माझं डोकं उठलं.

वाशिमला व्हिसाचे कागद करून देणारा एक माणूस आहे. त्यानं सहा रकान्यांचा तक्ता पुढं केला. कोणत्या दिवशी काय पाहणार ते लिहा म्हणाला. मी सहाही रकान्यांत लिहिलं, मुलीच्या घरी. तो हसला. "काकू, पोरीच्या घरी काय पाह्यता? रोज एखादं ठिकाण तर लिहा."

नंदोईंनी माझ्या हातातला पेन काढूनच घेतला. पहिल्या दिवशी टेकडीवरचा किल्ला. दुसऱ्या दिवशी नदीतली बोट. मग तलाव, मग गुहा. पाचव्या दिवशी व्हेनिस, सहाव्या दिवशी व्हिएन्ना. "एवढ्या दूर जाऊन एकच देश पाह्यला तर लोक तोंडात शेण घालतीन," म्हणे. वाहनापुढं त्यांनी माझ्या पोरीचं नाव लिहिलं. गाईडपुढं तिचंच. जेवणापुढं तिचंच. नणंद म्हणाली, "माही एकादशी येते वं त्यात. तिले म्हणा, साबुदाणा भिजवून ठेवजो." शी! वरणात माशी दिसावी तसं मला झालं. आणि मी बोलू शकत नव्हते, कारण गाव पाहायची हौस तर माझीच होती ना!

पुढं फाट्यावर फ्लेक्स लागला. 'युरोप दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा.' चौघांचे फोटो, त्यात माझा आधार कार्डावरचा, आणि मागं कुठला तरी भलताच किल्ला. खाली शुभेच्छुकांची थोबाडं, त्यातली निम्मी मी ओळखतही नाही. फ्लेक्स लागून चार दिवस झाले नाहीत तोच त्यातल्या किल्ल्याच्या कोपऱ्यावर कुणी तरी तंबाखूचा खर्रा थुंकून गेलं. लोक घरी येऊन चॉकलेटं आणायला सांगत, स्वेटरं आणायला सांगत. एक बाई तिच्या नवऱ्याच्या पायाच्या मापाची सुतळी देऊन गेली, तिथले बूट चांगले असतात म्हणून. ती सुतळी हातात धरून मी उभी राहिले. मला त्या सगळ्यांचा वीट आला.

रविवारी नवऱ्यानं पोरीला व्हिडिओ कॉल लावला आणि चष्मा चढवून अख्खा तक्ता वाचून दाखवला. तिचा चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा झाला होता. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

"होऊन जाते बाबा सगळं," ती म्हणाली. "आता रजेवर हावो, ते रद्द करतो. उद्यापासून ऑफिसले जातो. तुमी आले की तवाच घेतो रजा, गाडी चालवा लागन ना."

"शाब्बास!" नवरा म्हणाला.

ती रजा कशाची होती ते मला माहीत होतं. फोन बंद झाला, मी तक्ता ओढून घेतला, टराटरा फाडला, आणि सगळं सांगून टाकलं. पाचवा महिना, दवाखाना, एकटी पोरगी, सगळं. हा माणूस तुकड्यांकडे पाहत बसला. मग म्हणाला, "मंग आता भाऊजीले काय सांगू?"

तीस वर्षांच्या संसारात मला त्याची एवढी किळस कधी आली नव्हती. नंतर तो मागच्या दारी जाऊन दुपट्ट्यानं डोळे पुसत होता, ते मी पाहिलं. पण आधी त्याला भाऊजी आठवले ते आठवलेच.

"काहीबी सांगा," मी म्हटलं. "खरं तेवढं सांगू नका. तिची शपथ हाये तुमाले."

त्याला खोटं सुचलं नाही, बहिणीला खरं तेच सांगून बसला. मला मात्र सुचलं होतं, तेही गाव पाहायच्या हौसेचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरीचा फोन आला.

"आत्याचा फोन आलता," ती म्हणाली. "तासभर."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू सांगतलं बाबाले?"

"हो."

तिकडं नळ चालू होता. तो तिनं बंद केला. मला माझ्याच तोंडाची घाण वाटत होती. तरी मी विचारलं, "बाकीचे नाही येत आता. मी एकटी येऊ ना?"

"ये ना," ती म्हणाली. "तिकीट काढलं हाये तर ये. किल्ला दाखवतो तुले."